‘पान हाले त्याची सत्ता’: देव जग चालवतो की चालू देतो, यावर कीर्तन कसं बांधावं

उत्सवाच्या कमिटीचा फोन येतो. "ताई, यंदा जरा तरुण मुलं बसतील असं घ्या. देव आणि विज्ञान वगैरे." मग शिकाऊ कीर्तनकार माझ्याकडे वही घेऊन येतात आणि विचारतात, याला मूळपद कुठलं घ्यायचं? शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्याआधीपासून बुवांच्या मागे झांज वाजवत कीर्तन शिकले. त्यामुळे हा विषय माझ्याच गळ्यात पडतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. हे नारदीय पद्धतीच्या दोन तासांच्या कीर्तनासाठी आहे: पूर्वरंगात मूळपदाचं, म्हणजे निवडलेल्या अभंगाचं, निरूपण आणि उत्तररंगात त्याला धरून आख्यान, म्हणजे गोष्ट. वारकरी पद्धतीने करणाऱ्यांनी आख्यानाचा भाग सोडून बाकीचं घ्यावं.

माझ्याकडून काय चुकलं ते आधी सांगते, कारण पुढची सगळी बांधणी त्या चुकीतून आली आहे.

२०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली होती, आठवत असेल. तीन-चार आठवड्यांनी, रामनवमीच्या नवरात्रात, मराठवाड्यातल्या एका गावात माझं कीर्तन होतं. येताना रस्त्याच्या कडेला आडवा झालेला गहू दिसत होता, लोंब्या काळ्या पडलेल्या. मी आपली ठरलेल्या विषयावर उभी राहिले आणि पूर्वरंगात ऐटीत म्हणून गेले, "देवाच्या इच्छेशिवाय झाडाचं पानही हलत नाही." माना डोलल्या. कीर्तन संपल्यावर सत्तरीचे एक गृहस्थ पुढे आले. टोपी हातात. म्हणाले, "ताई, एक विचारू का? पान हलवतो तोच गारा टाकतो ना? मग आमचं काय चुकलं, तेवढं त्याला विचारून सांगा." मी काय बोलले असेन? प्रारब्ध. तयार उत्तर, जिभेवर होतं, निघून गेलं. त्यांनी मान हलवली आणि प्रसादाची खडीसाखर न घेता गेले.

रात्री झोप नाही. पहाटे गाथा उघडली आणि जे वाक्य मी इतकी वर्षं तुकोबांचं म्हणून ठोकत होते, ते त्यांचं नव्हतंच असं दिसलं. तुकोबा म्हणतात, ‘वृक्षाचेंही पान हाले त्याची सत्ता’. इच्छा हा शब्द तिथे नाही. सत्ता आहे. लोकांनी बोलता बोलता सत्तेची इच्छा केली, आणि मीही. तुमचं अख्खं कीर्तन या एका शब्दाच्या फरकावर उभं राहील. बाकी सगळी सजावट.

मूळपद

म्हणून मूळपद हेच घ्या: ‘चाले हें शरीर कोणाचिये सत्तें । कोण बोलवितें हरीविण’. नमन झालं, गजर झाला, की पहिली ओळ सावकाश लावा. मी भूपात लावते. तुमच्या गळ्याला दुसरं काही बसत असेल तर ते लावा. धृपद तीन वेळा म्हणून झालं की थांबायचं आणि श्रोत्यांना थेट विचारायचं: सत्ता म्हणजे काय?

उत्तर ठरलेलं येतं. "राज्य." "पावर." कुणी ग्रामपंचायतीचं नाव घेतं आणि हशा होतो. होऊ द्या. मग सांगा की मराठीत सत्ता म्हणजे अधिकार, पण संस्कृतात हा शब्द ‘सत्’पासून आला आहे. सत् म्हणजे असणारं, आणि सत्ता म्हणजे असणं, असणेपणा. तुकोबांच्या ओळीत दोन्ही अर्थ लागतात. पान हलतं ते त्याच्या हुकमाने, असंही वाचता येतं. पान मुळात आहे, त्यात हलण्याची शक्ती आहे, ती त्याच्या असण्यावर उभी आहे, असंही वाचता येतं. पहिल्या अर्थाने देव एकेक पान मोजून हलवणारा कारभारी होतो. दुसऱ्या अर्थाने काय होतो, ते सांगायला आपल्याकडे पन्नास मिनिटं आहेत.

एवढ्यावर घाई करू नका. शिकाऊ मुलं पहिल्या दहा मिनिटांतच सिद्धांत सांगून मोकळी होतात आणि मग चाळीस मिनिटं पेटीवाल्याच्या तोंडाकडे बघतात.

आधी पिंपळाखाली उभे राहा

ही तयारी कीर्तनाच्या दिवशी दुपारी करायची. बहुतेक देवळांच्या आवारात पिंपळ असतो. त्याखाली पाच मिनिटं उभे राहून वर पाहा. वड स्तब्ध असतो, अंगाला वारा लागत नसतो, तरी पिंपळाची पानं सळसळत असतात. एखादं खाली पडलेलं पान उचला. देठ लांब आणि बारीक, पातं रुंद, टोकाला शेपटीसारखा लांब निमुळता भाग. एवढं रुंद पातं एवढ्या बारीक देठावर टांगलं की हवेची जराशी हालचालही त्याला पुरते. ते पान उपरण्याच्या किंवा पदराच्या टोकाला बांधून ठेवा आणि पूर्वरंगात काढून दाखवा.

"हे पान कोण हलवतं?" वारा. वारा कशानं? ऊन-सावलीनं हवा कमीजास्त तापते म्हणून. पिंपळाचंच का, वडाचं का नाही? देठामुळे. एकेका उत्तराला "बरोबर" म्हणा, मनापासून म्हणा. नववीतली पोरं पुढे बसलेली असतात. त्यांच्या पुस्तकातलं उत्तर तुम्ही खोटं पाडताय असं त्यांना वाटलं की ती मोबाईल काढतात. वारा खरा, देठ खरा, सूर्य खरा. मग हळूच विचारा, ही सगळी उत्तरं पान कसं हललं ते सांगतात. पान, वारा, देठ आणि त्यांचे नियम मुळात *आहेत*, आणि या क्षणीही आहेत, ते कशावर? इथे उत्तर देऊ नका. धृपदावर या.

पूर्वपक्ष जोरात मांडा

बुवा म्हणायचे, पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, लंगडा मांडणारा कीर्तनकार स्वतःच्या सावलीशी कुस्ती खेळतो. "जग आपोआप चालतं" हे म्हणणारे सगळे परदेशी आणि नास्तिक, असं भासवू नका. आपल्याच घरात ते किती आहेत! श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीलाच विचारलंय की जगाचं कारण काय: काळ, स्वभाव, नियती, की यदृच्छा? वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे मीमांसक यज्ञ काटेकोर करायचे, पण जग घडवणारा कुणी मानत नव्हते. जैन दर्शनात जग अनादी आहे, त्याला कर्ता नाही. आणि सांख्य, तेही आपलंच एक जुनं दर्शन. सांख्यांचा दृष्टांत गावात सगळ्यात चांगला चालतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळा.

सांख्यकारिकेत म्हटलंय: दूध अचेतन आहे, त्याला काही कळत नाही, तरी वासराच्या वाढीसाठी ते आपोआप वाहतं. तशी प्रकृती, म्हणजे जगाचं मूळ जड द्रव्य, आपोआप प्रवृत्त होते, मध्ये ईश्वर लागत नाही. हे सांगून थांबा. समोर गाई-म्हशी धरणारी माणसं बसली आहेत, त्यांचे चेहरे पाहा. एखादी बाई हमखास हसते, कारण दूध आपोआप वाहत नाही हे तिच्या बोटांना ठाऊक असतं. गाय पान्हा चोरते. वासरू मेलं तर कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायची पाळी यायची, ते हुंगून, चाटून मग तिला पान्हा फुटायचा. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात नेमकं हेच उत्तर दिलंय: अहो, गाय चेतन आहे, वासराच्या मायेनं ती दूध सोडते, शिवाय वासरू ओढतंही. तुमच्या ‘आपोआप’च्या दृष्टांतात चेतन लपून बसलंय.

हा टोला रंगतो. पण विज्ञान शिकवलेली बाई म्हणून सांगते, इथे टाळ्या घेऊन पुढे पळू नका. पोरांपैकी कुणी म्हणेल की पान्हा हा मेंदूतून येणाऱ्या संप्रेरकाचा खेळ आहे, ऑक्सिटोसिन. खरं आहे. पुष्कळ गोठ्यांत त्याचं इंजेक्शन बेकायदा मारतातही. म्हणजे दृष्टांताने सांख्य हरले असं होत नाही. ‘आपोआप’ या शब्दाच्या पोटात पाहायला आपण शिकलो, इतकंच झालं. दृष्टांत सिद्ध काही करत नाही. तो दाखवतो.

घड्याळाचं भांडण

आता समुद्रापलीकडे जा. हा भाग वीस मिनिटांचा होऊ शकतो. मी बारा मिनिटांत बसवते.

न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला, तेव्हा देवाची सुट्टी झाली असं लोकांना वाटतं. स्वतः न्यूटनला तसं अजिबात वाटत नव्हतं. उलट ‘ऑप्टिक्स’ या प्रकाशावरच्या पुस्तकाच्या शेवटी त्याने लिहिलं की ग्रह आणि धूमकेतू एकमेकांना ओढतात, त्यामुळे कक्षांमध्ये बारीक बिघाड साठत जातील आणि एक दिवस या व्यवस्थेची पुन्हा घडी बसवावी लागेल. ती कोण बसवणार, हे उघडच होतं. यावर १७१५ च्या नोव्हेंबरात जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने वेल्सची राजकन्या कॅरोलाइन हिला पत्र लिहून टोमणा मारला: या लोकांच्या मते देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून चावी द्यावी लागते, आणि ते दुरुस्तही करावं लागतं. म्हणजे कारागीर कच्चाच की! न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क हा इंग्रज धर्मपंडित उभा राहिला. दोघांनी पाच-पाच पत्रं लिहिली, आणि १७१६ च्या नोव्हेंबरात लायब्निट्स वारला म्हणूनच ते थांबलं.

क्लार्कचं एक उत्तर कीर्तनाला सोन्यासारखं आहे. तो म्हणतो, ज्या राज्यात सगळं राजाच्या देखरेखीशिवाय आपापलं चालतं, तिथला राजा नावाचाच राजा. लायब्निट्स उलटतो: राजाने प्रजेला इतकं उत्तम वळण लावलं की तिला दटावावं लागत नाही, तर त्याला नावाचा राजा म्हणाल का?

बघा, पुन्हा सत्ताच. इथे ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय आणा. माउली म्हणतात, हे नगर राजाने वसवलं असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण म्हणून राजाचे हात शिणले का? क्लार्क आणि लायब्निट्स यांच्या चारशेहून अधिक वर्षं आधी, गोदेच्या काठी, तोच राजा आणि तोच प्रश्न. मूळ ओवी पाठ असेल तरच म्हणा. अर्धवट म्हणून अडखळण्यापेक्षा अर्थ सांगितलेला बरा.

पुढे काय झालं तेही सांगा, कारण खरा धडा तिथे आहे. गुरू ग्रहाचा वेग वाढतोय आणि शनीचा मंदावतोय, असं निरीक्षणांत दिसत होतं. हाच तो बिघाड, असं कुणालाही वाटावं. १७८५ च्या सुमारास फ्रेंच गणिती लाप्लासने गणित करून दाखवलं की हा सुमारे ९०० वर्षांचा हेलकावा आहे. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन जवळजवळ जुळतात, त्यामुळे तो येतो, आणि आपला आपण परततो. चावी द्यायला कुणी यावं लागलं नाही. नेपोलियनला लाप्लासने "मला त्या गृहीतकाची गरज पडली नाही" असं ऐकवल्याचा किस्सा तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. तो ऐकीव आहे, तेव्हा घडलेली गोष्ट म्हणून सांगू नका.

तर न्यूटनने देवाला मिस्त्री केलं आणि मिस्त्रीचं काम संपलं. आजही व्यासपीठावरून हेच चालतं: "शास्त्रज्ञांना अमुक अजून कळलेलं नाही, तिथे देव आहे!" असं वाक्य तुमच्या वहीत असेल तर आजच खोडा. कळलं की देव एक पायरी मागे. १९८९ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कर यांनी संगणकावर दाखवलं की आतल्या ग्रहांच्या कक्षा फार लांबच्या काळात मुळातच बेभरवशाच्या आहेत. म्हणजे न्यूटनची धास्ती अगदीच पोकळ नव्हती. म्हणून लगेच मिस्त्रीला परत बोलवायला धावू नका.

लायब्निट्सच्या पत्रांतली एक गोष्ट लोक विसरतात. घड्याळाला दुरुस्ती लागत नाही असं तो म्हणतो, पण घड्याळ देवाशिवाय *असू* शकतं असं म्हणत नाही. सृष्टी असण्यासाठी क्षणोक्षणी देवावर टेकलेली आहे, हे त्यालाही मान्य होतं. दुरुस्ती वेगळी आणि धारण वेगळं. तुमचं पूर्वरंगाचं शिखर हेच.

पेटी आणि आलाप

हे बोलून पटत नाही, करून दाखवावं लागतं. माझी युक्ती सांगते, वाटली तर घ्या.

पेटीवाल्याला आधी सांगून ठेवा. मग श्रोत्यांना विचारा, "ही पेटी कुणी केली?" आमच्या पेटीवाल्याची पेटी त्याच्या आजोबांची आहे. ज्या कारागिराने केली तो केव्हाच गेला. पेटी वाजतेय. म्हणजे करणारा गेला तरी केलेलं उरतं. "जग असं आहे का?" आता पेटी थांबवा आणि नुसता ‘सा’ लावा, लांब, दम पुरेल तेवढा. आणि मधेच थांबा. देवळात एकदम शांतता होते. विचारा, "सूर कुठे गेला?" पेटी कारागिराशिवाय राहते. सूर गाणाऱ्याशिवाय पळभरही राहत नाही. "की जग असं आहे?"

याच्यातली खोच पोरांसाठी आहे: मी गातेय म्हणून सूर नियमाबाहेर जात नाही. भूपात मध्यम लागत नाही, तो मी गायले म्हणून लागत नाही. प्रत्येक स्वर मागच्याला धरून येतो, कुणीही स्वरलिपी लिहून काढावी. गाणं पूर्ण नियमात आहे आणि पूर्ण गाणाऱ्यावर आहे. दोन्ही एकदम. "निसर्गनियमाने की देवाने" हा ‘की’च तिथे लागू पडत नाही.

माझं स्वतःचं मन या बाजूला आहे, लपवत नाही. पण श्रोत्यांना दोन्ही दृष्टांत द्या आणि निवड त्यांच्यावर सोडा. एकदा एका इंजिनीअर मुलाने मला सांगितलं, "मावशी, माझी पेटीच." मी म्हटलं, बरं.

प्रमाणं किती आणि कुठली

चार पुरेत. बृहदारण्यकात गार्गी विचारते, हे सगळं कशात ओवलंय? याज्ञवल्क्य सांगतात, या अक्षराच्या प्रशासनात सूर्य आणि चंद्र धरलेले राहतात. ‘प्रशासन’ हा शब्द ऐकून सरकारी नोकरीतले श्रोते हसतात, म्हणून मी तो मुद्दाम दोनदा म्हणते. गार्गीचं नाव घेताना जरा थांबा. एवढा मोठा प्रश्न भर सभेत बाईने विचारलाय. गीतेतली दोन जोडीने घ्या: तिसऱ्या अध्यायात भगवान म्हणतात, मी कर्म केलं नाही तर हे लोक नाश पावतील, नवव्यात म्हणतात, मी उदासीनासारखा बसलेलो असतो, माझ्या अध्यक्षतेखाली प्रकृती चराचर प्रसवते. एकाच तोंडून ‘करतो’ आणि ‘बसतो’. ही गाठ सोडवू नका, दाखवा.

तर्काने ईश्वर सिद्ध करणाऱ्या नैयायिकांचं एक प्रमाण आहे: उडणाऱ्या पक्ष्याने चोचीत काडी धरावी तसं ईश्वराने ब्रह्मांड धरलंय, म्हणून ते पडत नाही. गोड आहे. पण पृथ्वी सूर्याभोवती सतत पडतच असते आणि म्हणूनच फिरते, हे शिकवून माझी हयात गेली. मी ते वगळते.

दुसऱ्या टोकाचं एक हवं असेल तर इस्लामी तत्त्वज्ञ अल्-गझाली घ्या, इराणातल्या तूसचे, ११११ साली वारले. ते म्हणतात, कापसाला आग लागली की कापूस जळताना दिसतो. आगीसोबत जळणं दिसतं, आगीमुळे जळणं दिसत नाही. जाळतो तो देव. दोन वाक्यांत सांगा, पण शेवटी आरतीचा कापूर पेटवताना याची आठवण करून द्या. ताटातली ज्योत बघताना लोक एकदम वेगळ्या नजरेने बघतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

आख्यान: दामाजी नको

मध्यंतरात बुक्का, हार, तबक फिरतं. त्यावर काय लिहू? दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. कमिटीचे सत्कार असतील तर ते कीर्तनाआधी उरकायला सांगा.

उत्तररंगाला सगळे दामाजीपंत सुचवतात. मंगळवेढ्याचा दुष्काळ, कोठार लुटवलेलं, आणि विठू महाराचं रूप घेऊन देव बेदरला रक्कम भरतो. आख्यान मोठं देखणं आहे, पण या विषयाला लावू नका. पूर्वरंगात तुम्ही मिस्त्रीला रजा दिली आणि उत्तररंगात देवच थैली घेऊन निघाला, असं होतं. वर ज्याच्या शेतात कुणी आलं नाही तो समोर बसलेला असतो.

गोवर्धन लावा. भागवतातलं ते प्रकरण नीट वाचलंत तर चाट पडाल. नंद आणि गोप इंद्रयागाची तयारी करतायत. सात वर्षांचा कृष्ण विचारतो, कशासाठी? नंद सांगतात, इंद्र पाऊस देतो. तेव्हा कृष्ण, साक्षात भगवान, जे बोलतो ते पक्कं पूर्वपक्षाचं आहे! प्राणी कर्माने जन्मतात, कर्मानेच जातात. रजोगुणाने ढकललेले ढग सगळीकडे पाणी टाकतात. यात महेंद्र काय करणार? आपलं पोट डोंगरावर आणि गाईंवर, त्यांची पूजा करा. पोरांना हे ठसक्यात सांगा, साकी या वृत्तात बांधा, तबल्याला उठाव द्यायला सांगा. देवच म्हणतोय, पावसामागे हुकूम सोडणारा साहेब बसवू नका.

मग इंद्र चिडतो, पाऊस कोसळतो, आणि तोच पोरगा डोंगर उचलून सात दिवस धरतो. इथे ‘धरतो’ या क्रियापदावर थांबा. त्याने पाऊस बंद केला नाही. ढग पाडतच राहिले, त्यांच्या रीतीने. तो खाली उभा राहून धरून राहिला. आपल्याकडे सांगतात की गोपांनीही आपापल्या काठ्या टेकवल्या आणि त्यांना वाटत होतं, डोंगर आपल्याच काठीवर आहे. बुवा इथे एका म्हाताऱ्या गोपाचा अभिनय करायचे, काठी टेकवून, दात ओठ खाऊन, "अरे हलू नका, माझी सटकेल!" मला तो जमत नाही, मी नुसती काठी धरते. तुम्हाला येत असेल तर जरूर करा. काठी खोटी होती असं मात्र सांगू नका.

नंतरचे प्रश्न

खरी परीक्षा प्रसादाच्या वेळी. "मग पाऊस मागायचा की नाही?" हा प्रश्न येणारच. मी सांगते, मागा, लेकरू आईकडे काय मागत नाही? पण आत्ताच आपण सगळ्यांनी ‘हेचि दान देगा देवा’ म्हटलं, त्यात काय मागितलं ते आठवा. तुझा विसर न व्हावा. धनसंपदा नको म्हणून सांगितलं. पावसाचा उल्लेखच नाही. यावर कुणी वाद घालत नाही, कुणाचं समाधानही फारसं होत नाही.

"चमत्कार होतात का?" याला मी उत्तर देत नाही. माझ्या दोन तासांत तो विषय नव्हता.

आणि ज्याच्या घरात नुकतं काही झालंय अशा माणसाने विचारलं, "हे त्यानं केलं का?", तर सत्ता आणि इच्छेचा फरक त्याला समजावत बसू नका. पाणी द्या, शेजारी बसा. प्रारब्ध हा शब्द तर तोंडातून काढूच नका.

दोन वर्षांनी त्याच गावात परत बोलावणं आलं. मी तेच मूळपद लावलं आणि तिथल्या पारावरच्या पिंपळाचं पान दाखवून सत्तेचा अर्थ सांगितला. त्या साली माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला होता, हेही उभ्याने कबूल केलं. ते गृहस्थ खांबाला टेकून बसले होते. कापूर विझल्यावर आले. म्हणाले, "हे त्या वर्षी सांगायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हटलं.

"तरी गारा का पडल्या, ते राहिलंच."

"राहिलंच."

त्यांनी तळहात पुढे केला. मी खडीसाखर ठेवली. तोंडात टाकत म्हणाले, यंदा हरभरा बरा आहे.